ट्रकच्या आरशावरचा अँटेना

अमेरिकेत हायवेवर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते. अठरा चाकांचा ट्रक शेजारून जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या भल्यामोठ्या आरशांच्या दांड्यावर एकेक काठी वाऱ्याने मागे झुकलेली दिसते. इकडे नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना वाटते की ड्रायव्हरला गाणी ऐकायची हौस असावी! पण ती काठी गाणी ऐकायची नसून बोलायची असते. तो असतो सीबी रेडिओचा अँटेना. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेला बिनतारी संदेशांचा पट्टा.

आता ती काठी आरशावरच का? टपावर का नाही? दोनच का? आणि बहुतेक वेळा चारेक फुटांचीच का? हे प्रश्न अगदी किरकोळ वाटतात. पण उत्तरे शोधायला लागलो की अर्धी पदार्थविज्ञानात सापडतात आणि अर्धी अमेरिकेच्या इतिहासात. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. दुसरे महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, इथल्या सरकारी संदेशवहन आयोगाने (लोक त्याला एफसीसी म्हणतात) सामान्य माणसाला वापरता येईल असा रेडिओचा एक पट्टा मोकळा करायचे ठरवले. वॉकी-टॉकीच्या जनकांपैकी एक, अल ग्रॉस, या कल्पनेच्या पहिल्या पुरस्कर्त्यांमध्ये होता. पण तो पट्टा ४६० मेगाहर्ट्झच्या वरचा होता. त्या काळच्या तंत्रज्ञानात तसे संच महाग पडत आणि आवाज फार लांब जात नसे. खरी सुरुवात झाली १९५८ च्या सप्टेंबरात. हौशी रेडिओवाल्यांकडे असलेला ११ मीटरचा पट्टा आयोगाने काढून घेतला आणि २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे २३ चॅनल लोकांना दिले. आपल्याकडे १९८० च्या दशकापर्यंत घरात नुसता ऐकायचा रेडिओ ठेवायलासुद्धा पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत, हे आठवून पाहा. इथे प्लंबर, शेतकरी, टॅक्सीवाला अशा माणसांच्या हातात बोलायचा रेडिओ आला होता!

लायसन्स इथेही लागायचेच. पण परीक्षा नव्हती. अट महत्त्वाची होती ती शक्तीची. सुरुवातीला ती थोड्या वेगळ्या पद्धतीने मोजत, पुढे साध्या एएम प्रक्षेपणासाठी ४ वॅट अशी ठरली. चार वॅट म्हणजे किती? पूर्वी घरात रात्री लावायचा छोटा झिरोचा बल्बसुद्धा याहून जास्त वीज खायचा. लखपती असो की कर्जात बुडालेला ट्रकवाला, वॅट सगळ्यांना सारखेच. मग एकाचा आवाज मैलभरात विरतो आणि दुसऱ्याचा चार-पाच मैल जातो, हे कसे? फरक पडतो तो अँटेना कुठे बसवला आहे आणि कसा बसवला आहे, यामुळे. या सगळ्या कथेचे मर्म इथे आहे.

आता गणित. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ११ मीटर. उभ्या अँटेनाची आदर्श लांबी म्हणजे तिचा पाव हिस्सा, २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. बाजारात १०२ इंचांची पोलादी काठी मिळते, तिच्या बुडाशी स्प्रिंग लावली की बरोबर ती लांबी होते. पण नुसती काठी म्हणजे अँटेना नव्हे. काठी हा अर्धा अँटेना. उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. काठीत जेवढा प्रवाह वर जातो, तेवढाच पत्र्यात पसरावा लागतो. पत्रा मोठा, सलग आणि काठीच्या चारी बाजूंना असेल तर उत्तम. म्हणूनच पुस्तकातले उत्तर एकच असते : अँटेना गाडीच्या टपाच्या मधोमध लावा.

ट्रकवर हे उत्तर बाद होते. बहुतेक राज्यांत वाहनाच्या उंचीची मर्यादा १३ फूट ६ इंच (पश्चिमेकडे अनेक ठिकाणी १४ फूट) आणि ट्रेलर त्या मर्यादेला टेकलेलेच असतात. केबिनच्या टपावर नऊ फुटांची काठी उभी केली तर ती पहिल्याच जुन्या रेल्वेपुलाखाली किंवा गोदामाच्या दारात मोडणार. मग बंपर? मागच्या बंपरवर अँटेना लावला तर केबिनच्या मागे डबलडेकर बसएवढी धातूची भिंत उभी असते. शिवाय वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागून फिरतो, म्हणजे तिथे काही उभे ठेवायची सोय नाही. पुढच्या बंपरवर लावला तर डोळ्यांसमोर काठी डुलत राहणार आणि आवाज केबिनच्या आडोशाला अडकणार.

राहिला आरसा. त्या काळच्या ट्रकवर लांबट उभे आरसे असत, त्यांना 'वेस्ट कोस्ट' आरसे म्हणत. ते दारापासून बाहेर काढलेल्या पोलादी नळीच्या चौकटीवर बसवलेले असत. या नळीला क्लॅम्प आवळला की झाले, गाडीला भोक पाडायला नको. पायरीवर उभे राहून हात पोचतो. ट्रक मालकाचा असेल तर नोकरी सोडताना काढूनही नेता येतो! वायर दाराच्या रबरातून आत घ्यायची. (आणि दार रोज आपटून ती तिथेच चेपायची. सीबी दुरुस्त करणाऱ्यांच्या रोजीरोटीत या एका जागेचा मोठा वाटा असावा.)

पण आरशापासून वर जागा उरते चार-पाच फुटांचीच. म्हणून नऊ फुटांची काठी 'आखूड' केली गेली. तांब्याची तार गुंडाळून तिचे वेटोळे, म्हणजे कॉइल, अँटेनात घालायचे. मग रेडिओला तो पुरेशा लांबीचा असल्यासारखा वाटतो. फायबरग्लासच्या काठीवर तार गुंडाळलेले आणि वरच्या टोकाला दाट वेटोळे असलेले अँटेना म्हणूनच ट्रकवाल्यांत लोकप्रिय झाले. दुसऱ्या प्रकारात खाली धातूचा दांडा, मध्ये कॉइल आणि वर लवचिक पोलादी काठी. खालचा दांडा कशासाठी? तर कॉइल केबिनच्या टपाच्या वर यावी म्हणून. ड्रायव्हरांचा ठोकताळा असा, की अँटेनाचा निदान दोन-तृतीयांश भाग टपाच्या वर दिसला पाहिजे. जो भाग पत्र्याला समांतर आणि खेटून उभा असतो तो काम कमी करतो आणि पत्र्याशी भांडतोच जास्त.

या आखूडपणाची किंमत मोजावी लागते. काठी आखूड झाली की तिची लहरी बाहेर फेकण्याची क्षमता झपाट्याने घटते आणि मग जोडणीतला एखादा ओहमसुद्धा चार वॅटमधला मोठा वाटा खाऊन टाकतो. ट्रकच्या दाराला बिजागऱ्या असतात, बिजागरीत ग्रीस असते, आरशाच्या दांड्यावर रंग असतो. डोळ्यांना धातूला धातू लागलेला दिसतो, पण विजेच्या दृष्टीने दार गाडीपासून जवळजवळ तुटलेले असते. म्हणून जाणकार माणूस रंग खरवडून दार आणि केबिन यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी जोडतो. दहा मिनिटांचे काम, पण फरक मैलांत पडतो.

असो. एवढी खटपट ट्रकवाल्यांनी कशासाठी केली? इथे इतिहास येतो.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेचे तेल तोडले. डिझेल महागले, अनेक पंपांवर एका वेळी थोडेच गॅलन मिळू लागले आणि तेल वाचवण्यासाठी वेगमर्यादा खाली आल्या. जानेवारी १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी ५५ मैलांच्या मर्यादेच्या कायद्यावर सही केली. स्वतःचा ट्रक स्वतः चालवणाऱ्या माणसाला पैसे मिळतात ते मैलावर. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एका पाळीत दहा तास गाडी चालवता येई. ताशी ६५ ने दहा तासांत ६५० मैल होतात, ५५ ने ५५० च. म्हणजे दर पाळीला शंभर मैलांची मजुरी बुडाली आणि ट्रकचा हप्ता मात्र तेवढाच राहिला.

डिसेंबर १९७३ च्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियात इंटरस्टेट ८० वर जे. डब्ल्यू. एडवर्ड्स नावाच्या ड्रायव्हरने ट्रक रस्त्यातच उभा केला. रेडिओवरचे त्याचे टोपणनाव होते 'रिव्हर रॅट'. सीबीवरून त्याचे म्हणणे आजूबाजूच्या ट्रकवाल्यांनी ऐकले आणि पाहता पाहता शेकडो ट्रक थांबले, हायवे बंद पडला. कुठली युनियन नाही, कार्यालय नाही, पत्रक नाही. नंतरच्या काही दिवसांत इतर राज्यांतही रस्ते अडले. पुढे १९७४ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र ट्रकवाल्यांचा देशव्यापी संप झाला. त्यात दगडफेक आणि गोळीबार झाले, ड्रायव्हर मारले गेले आणि काही राज्यांना नॅशनल गार्ड रस्त्यावर आणावे लागले. म्हणजे ही काही नुसती गमतीची गोष्ट नव्हती. एकेकटी, विखुरलेली माणसे आपसात बोलू लागली की काय होऊ शकते, ते देशाने पहिल्यांदाच पाहिले.

संप मिटला, पण ५५ ची मर्यादा राहिली आणि तिच्याबरोबर सीबीचे रोजचे काम सुरू झाले : पोलीस कुठे आहेत ते एकमेकांना सांगणे. हायवे पोलिसांची रुंद काठाची टोपी जंगलातल्या वणव्यांविरुद्धच्या जाहिरातीतल्या 'स्मोकी' अस्वलाच्या टोपीसारखी, म्हणून पोलिसाचे नाव पडले 'स्मोकी' किंवा नुसतेच 'बेअर'. वजनकाट्याला म्हणत कोंबड्यांचे खुराडे. ताफ्यातला पहिला ट्रक म्हणजे 'फ्रंट डोअर', शेवटचा 'बॅक डोअर'. पहिला पुढची खबर देणार, शेवटचा मागची. मधल्यांनी निवांत चालायचे, म्हणून मधली जागा 'रॉकिंग चेअर'!

आता अँटेनाकडे परत येऊ, कारण या कामाला नेमका कसा अँटेना लागतो ते पाहण्यासारखे आहे. समोरून येणारा ट्रक तुम्हाला पुढच्या रस्त्याची खबर देणार. दोघांचा वेग ५५, म्हणजे एकमेकांच्या दृष्टीने ११०. आवाज एकच मैल पोचत असेल तर जवळ येताना एक मैल आणि दूर जाताना एक मैल मिळून बोलायला वेळ मिळतो जेमतेम ६५ सेकंद. तोच आवाज चार मैल पोचला तर सव्वाचार मिनिटांहून जास्त. खबर विचारायला, ऐकायला आणि चार शब्द सुखदुःखाचे बोलायला एवढा वेळ लागतोच. आणि हा आवाज कुठे जायला हवा? पुढे आणि मागे. बाजूच्या मक्याच्या शेतात तो गेला काय आणि न गेला काय!

जोडअँटेनाचे रहस्य हेच. दोन सारखे अँटेना शेजारी ठेवून त्यांना एकाच वेळी, एकाच तालात वीज दिली तर पुढे आणि मागे दोघांच्या लहरी एकमेकींत मिळतात. बाजूला मात्र एकीला दुसरीपेक्षा अंतर जास्त पडते, ती उशिरा पोचते आणि बेरीज कमी भरते. अंतर पाव तरंगलांबी, म्हणजे नऊ फूट असेल, तर बाजूला जाणारी शक्ती पुढच्या दिशेच्या निम्मी होते. आणि गंमत पाहा, तेव्हा ट्रकची कायदेशीर रुंदी होती आठ फूट. दोन्ही बाजूंना आरसे बाहेर आलेले धरले तर दोन काठ्यांतले अंतर नऊ फुटांच्या जवळ जाते! ना रस्ते बांधणाऱ्यांनी हे ठरवले होते, ना रेडिओवाल्यांनी. कायद्याची रुंदी आणि लहरीची लांबी यांचा असा योगायोग झाला. हेच पाहून हौसेने कारवर दोन काठ्या लावणाऱ्यांच्या काठ्यांमध्ये अंतर असे पाचेक फूट. तेवढ्यावर बाजूची शक्ती जेमतेम अठरा टक्के कमी होते. म्हणजे कारवर ती बहुतांशी शोभाच.

ट्रकवर जोडीचा आणखी एक फायदा. एकच अँटेना डाव्या आरशावर असेल तर त्याच्या उजव्या अंगाला केबिन आणि मागे उजवीकडे ट्रेलरचा आडोसा येतो. दोन असले की एकाची सावली दुसरा भरून काढतो.

या जोडीची वायरही निराळी असते. रेडिओला समोर ५० ओहमचा भार लागतो. दोन अँटेना सरळ जोडले तर होतात २५. त्यावर युक्ती अशी, की प्रत्येक अँटेनाला ७५ ओहमची केबल लावायची आणि तिची लांबी पाव तरंगलांबीच्या विषम पटीत ठेवायची. मग ५० चे होतात सुमारे ११२, आणि असे दोन समांतर जोडले की ५६, म्हणजे पन्नाशीच्या जवळ. केबलमध्ये लहर मोकळ्या हवेच्या दोन-तृतीयांश वेगाने जाते, म्हणून तिथला पाव हिस्सा भरतो सहा फूट. सहा फुटांत आरशापासून रेडिओपर्यंत केबल पोचत नाही. बारा चालत नाही, कारण ती सम पट. म्हणून अठरा! ट्रक-स्टॉपवर मिळणाऱ्या तयार जोडकेबलची प्रत्येक शाखा अठरा फुटांची का असते, याचे उत्तर हे. जास्तीची वायर लोंबते म्हणून कापून टाकणारा माणूस हे सगळे गणितच कापून टाकतो.

१९७५ च्या अखेरीस 'कॉन्व्हॉय' हे ट्रकवाल्यांच्या ताफ्याचे गाणे आले आणि जानेवारी १९७६ मध्ये देशात पहिल्या क्रमांकावर पोचले. त्यानंतर सीबीची साथच आली. अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीसुद्धा 'फर्स्ट ममा' असे टोपणनाव घेतले होते! लायसन्सच्या अर्जांचे ढीग साचले, १ जानेवारी १९७७ पासून चॅनल २३ चे ४० झाले आणि १९८३ मध्ये आयोगाने लायसन्सची अटच काढून टाकली. त्याआधीच, १९७८ मध्ये, या पट्ट्यातल्या ॲम्प्लिफायरच्या विक्रीला बंदी आली होती. चोरून वापरणारे होतेच, पण कायद्याने चालणाऱ्याकडे आवाज वाढवायला अँटेनाखेरीज काही नव्हते. त्यातच १९७९-८० च्या सुमारास सूर्यावरचे डाग वाढले. अशा काळात २७ मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशातून परावर्तित होऊन हजारो मैलांवर उतरतात. शेजारच्या ट्रकच्या आवाजावर दूरच्या राज्यांतला गोंगाट चढू लागला. हौशे गवसे पांगले, ट्रकवाले राहिले, चॅनल १९ वर.

हा चॅनल सगळ्यांना सारखा होता असे मात्र म्हणता येत नाही. रेडिओवर चेहरा दिसत नाही, पण उच्चार लपत नाहीत. कृष्णवर्णीय सीबीवाल्यांनी स्वतःचे क्लब आणि स्वतःच्या गप्पांचे चॅनल उभे केले, ते काही उगाच नव्हे. आज कॅलिफोर्नियात ट्रक चालवणाऱ्यांत पंजाबी मंडळी खूप आहेत, आणि आपल्या बोलीत बोलायला त्यांना फोन अधिक जवळचा वाटला तर त्यात नवल नाही.

आरशाचे दिवसही बदलले. १९८२ च्या कायद्याने इंटरस्टेटवर ट्रकची रुंदी साडेआठ फूट झाली आणि लांबीचे नियम बदलल्यामुळे बसक्या नाकाचे ट्रक मागे पडून लांब बोनेटचे पुढे आले. १९८५ मध्ये केनवर्थचा टी-६०० हा वाऱ्याला वाट देणारा ट्रक आला. डिझेल वाचवण्यासाठी टपावर फायबरग्लासचे कवच चढले, आरसे प्लास्टिकच्या गुळगुळीत खोळीत गेले. गोलसर पोलादी नळी गेली, क्लॅम्प लावायची जागा गेली आणि अँटेनाचा 'उरलेला अर्धा', तो पत्राही गेला. आता अँटेनाची जागा ट्रक बनवणारा ठरवतो, आणि ती बहुधा दिसायला सुबक आणि कामाला बेताची असते.

याच काळात ट्रकवर दुसरा एक अँटेना आला. १९८८ पासून क्वालकॉमच्या ऑम्नीट्रॅक्स यंत्रणेचा पांढरा घुमट केबिनच्या मागे दिसू लागला. तो उपग्रहाशी बोलतो. ट्रक कुठे आहे, किती वेगाने चालला आहे, कधी थांबला, हे कंपनीच्या ऑफिसात कळते. डिसेंबर २०१७ पासून तर बहुतेक ट्रकवाल्यांचे चालवण्याचे तासही इलेक्ट्रॉनिक यंत्रच नोंदवते. यात वाईट काही नाही असे म्हणणारे आहेत. माल वेळेवर कळतो, थकलेल्या माणसाला दामटता येत नाही, आणि हे खरेही आहे. पण इंजिनियर म्हणून मला दोन अँटेनांतला एक फरक महत्त्वाचा वाटतो. आरशावरचा अँटेना ड्रायव्हरने स्वतःच्या पैशाने घेतला, स्वतःच्या हाताने बसवला, मीटर लावून कापून-घासून जुळवला. तो कोणाशी बोलतो? चार मैलांत जो कोणी असेल त्याच्याशी. घुमट कंपनीने बसवला आणि तो हजार मैलांवरच्या ऑफिसशी बोलतो, शेजारच्या ट्रकशी नाही.

२०२१ मध्ये आयोगाने सीबीवर एफएम वापरायलाही परवानगी दिली, म्हणजे हा पट्टा अजून कागदावर जिवंत आहे. रस्त्यावर तो शांत झाला आहे, हे खरे. पण हिवाळ्यात वायोमिंगच्या घाटमाथ्यावर बर्फाचे वादळ येते, समोरचे काही दिसत नाही आणि फोनला टॉवर सापडत नाही, तेव्हा पुढे ट्रक आडवा पडला आहे हे मागच्या अनोळखी माणसाला त्याच क्षणी सांगायला टॉवर, उपग्रह किंवा नंबर माहीत असायची गरज नसलेली दुसरी सोय ट्रकमध्ये नाही. त्यासाठी चार वॅट पुरतात. अट एवढीच, की काठी टपाच्या वर आलेली हवी आणि दाराला तांब्याची पट्टी जोडलेली हवी.